बोरिंगचं पाणी स्वच्छ दिसतं, पण तपासलं कधी?

गोंदिया हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. वर्षाला सरासरी 1300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यामुळे पाण्याची चर्चा होते ती उन्हाळ्यात विहीर आटल्यावर, आणि तीही किती गुंड मिळाले एवढ्यापुरती. पाण्यात काय मिसळलेलं आहे, हा प्रश्न मोहल्ल्यात काढला की आम्हाला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, "पाणी तर काचेसारखं आहे."

फ्लोराइड आणि नायट्रेट काचेसारख्या पाण्यातही असतात. त्यांना रंग नाही, वास नाही. केंद्रीय भूजल मंडळाने जास्त फ्लोराइडचे म्हणून नोंदवलेल्या जिल्ह्यांत चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर यांच्याबरोबर गोंदियाही आहे. भारतीय मानकानुसार एका लिटरमध्ये फ्लोराइड 1 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. नायट्रेटची मर्यादा 45 मिलिग्रॅम, आणि तिच्यात कोणतीही सूट नाही.

फ्लोराइड येतं खडकातून. आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग ग्रॅनाइट आणि नाइससारख्या कठीण, जुन्या खडकाचा आहे. या खडकात पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत. काही खनिजांमधलं फ्लोराइड त्या पाण्यात हळूहळू उतरतं. बोअर जितकी खोल, तितका पाण्याचा आणि खडकाचा सहवास सहसा लांब. चुनखडीच्या प्रदेशात पाण्यात कॅल्शियम भरपूर असतं, ते फ्लोराइडला बांधून खाली बसवतं. समुद्रकाठी तिथे भीती खारेपणाची. आपल्याकडे ज्या पाण्यात कॅल्शियम कमी, त्यात फ्लोराइड टिकून राहतं. भेगा जागोजागी वेगळ्या असल्याने शेजारच्या दोन बोरिंगचं पाणीही सारखं नसतं. एकीचा अहवाल दुसरीला लावता येत नाही.

नायट्रेट मात्र आपल्याच हातून जमिनीत जातं. धानाला टाकलेला युरिया, शेणखताचे खड्डे, गोठे, संडासाचे शोषखड्डे, तुंबलेल्या नाल्या. हे सगळं पावसाबरोबर झिरपतं आणि उथळ विहिरीत उतरतं. अनेक गावांत बौद्ध मोहल्ला गावाच्या कडेला, उताराच्या बाजूला आहे. कोणाची वस्ती कुठे बसवायची हे जातीने ठरवलं. गावाचं सांडपाणी आजही त्याच उताराने वाहतं.

आठ वर्षांच्या आतल्या मुलांनी जास्त फ्लोराइडचं पाणी प्यायलं तर पक्क्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा पिवळसर-तपकिरी पट्टे उमटतात. "दात घासत नाही" म्हणून शाळेत बोलणी मिळतात ती वेगळीच. प्रमाण बरंच जास्त असेल आणि वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं तर सांधे आणि हाडं धरतात. नायट्रेटचा धोका सर्वाधिक सहा महिन्यांखालच्या, वरचं दूध त्या पाण्यात कालवून पाजल्या जाणाऱ्या बाळांना. त्यांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होते.

घरोघरी उपाय एकच माहीत असतो, पाणी उकळणं. त्याने जंतू मरतात. पण पाण्याची वाफ होते आणि फ्लोराइड-नायट्रेट भांड्यातच राहतात, म्हणजे त्यांचं प्रमाण वाढतं. जलसुरक्षक टाकतो ती टीसीएल पावडरही फक्त जंतूंसाठीच. ग्रामपंचायतीला मिळणारं हिरवं कार्डसुद्धा मुख्यतः स्रोताची स्वच्छता आणि जंतूंचा धोका पाहून दिलं जातं. हिरवं कार्ड आहे म्हणून फ्लोराइड नाही, असा अर्थ काढू नये. तो सर्रास काढला जातो.

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यानंतर सनातन्यांनी तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून ते "शुद्ध" केलं. शेण आणि गोमूत्रातल्या नायट्रोजनचंच पुढे नायट्रेट होतं, म्हणजे रसायनशास्त्राच्या हिशोबाने तळं त्या दिवशी थोडं जास्त अशुद्ध झालं! त्या तळ्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयात कायम व्हायला 1937 उजाडलं. पाणी भरण्याच्या त्या हक्कात, भरलेल्या पाण्यात काय आहे हे जाणून घेण्याचा हक्कही येतो, असं आम्ही मानतो.

तो बजावण्याची सोय आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना फील्ड टेस्ट किटने पाणी तपासायला शिकवायचं आहे. त्या पाच जणींत आपल्या मोहल्ल्यातली कोणी आहे का, हे आधी पाहा. किटने शंका आली तर नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवण्याची मागणी ग्रामपंचायतीकडे लेखी करा. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा व्हायलाच हवी. तिचा अहवाल ग्रामसभेत वाचून घ्या.

अहवाल मर्यादेबाहेर निघाला तर पिण्या-रांधण्यापुरतं पाणी वेगळं करावं लागतं. वापरण्याला, कपड्यांना तीच बोरिंग चालते. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची "नालगोंडा" पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेनेच विकसित केली, पण मात्रा रोज नेमकी लागते आणि उरलेला गाळ नीट टाकावा लागतो, त्यामुळे घरी ती फारशी टिकत नाही. त्यापेक्षा छताचं पाणी आम्हाला जास्त जमणारं वाटतं. 20 चौरस मीटरच्या छतावर आपल्या पावसात, थोडं वाया जाऊनही, 20 हजार लिटर पाणी पडतं. बुद्धविहाराचं पक्कं छत आणि एक झाकलेली टाकी इथून सुरुवात करता येईल. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, टाकीत टीसीएल टाकायची.

नमुना घेताना हातपंप आधी काही मिनिटं चालवा, डबा त्याच पाण्याने विसळा आणि चिठ्ठीवर नुसतं "गावची बोरिंग" लिहू नका. मोहल्ला, कोणत्या घराजवळची, खोली किती, तारीख, सगळं लिहा. ग्रामपंचायतीच्या स्रोतांच्या यादीतही ही बोरिंग आहे ना, तेही त्याच दिवशी पाहून घ्या. यादीत नसलेल्या बोरिंगचा नमुना कोणी नेत नाही.