तारेभोवतीचा विस्तव

संध्याकाळी घाटकोपरला मेट्रोतून उतरणारी गर्दी पुलावर उभे राहून कधी नीट पाहिली आहे? मोकळ्या पट्ट्यात ती पाण्यासारखी वाहते. जिथे वाट फुटते, काही माणसे ठाण्याच्या गाडीला आणि काही सीएसएमटीच्या गाडीला वळतात, त्या बेचक्यावर मात्र ती येऊन थडकते. सगळा मार बसतो तो बेचक्यातल्या कठड्याला.

आपल्या मेंदूच्या तळाशी हेच रात्रंदिवस चालू असते. तिथे धमन्यांचे एक कडे आहे. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६६४ साली त्याचे वर्णन केले, आणि त्या पुस्तकाची चित्रे काढण्यात ख्रिस्तोफर रेनचा हात होता. पुढे लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल उभारणारा तोच हा रेन. या कड्यात धमन्यांना फाटे फुटतात, आणि हृदयाच्या दिवसाला लाखभर ठोक्यांचा धक्का त्या बेचक्यांवर बसत राहतो. एखाद्याच्या धमनीची भिंत तिथे हळूहळू पातळ होते आणि बाहेर फुगते. डॉक्टर त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. नातेवाइकांना समजावताना म्हणतात, ‘फुगा’. बरेच फुगे जन्मभर गप्प राहतात. एखादा फुटतो, तेव्हा आयुष्यात कधी दुखले नव्हते असे डोके क्षणात दुखू लागते.

पूर्वी यावर कवटी उघडून फुग्याच्या मानेला चिमटा लावणे हाच मुख्य इलाज होता. आज अंधेरी, मुलुंडच्या मोठ्या रुग्णालयांतल्या कॅथलॅबमध्ये जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी धमनीत सरकवतात आणि पडद्यावर पाहत पाहत थेट मेंदूतल्या फुग्यापर्यंत नेतात. नळीतून आत जाते ती प्लॅटिनमची कॉइल. केसाहून बारीक तार, तिचा स्प्रिंगसारखा पीळ, आणि तो पीळही अर्ध्या मिलिमीटरच्या आतला. शिजलेल्या शेवईइतका मऊ. फुग्यात शिरला की तो स्वतःच गोल गोल वळून बसतो. मग तार नळीतून तोडायची कशी? इटलीचे न्यूरोसर्जन ग्वीदो गुल्येल्मी यांना वाट सापडली. तार ज्या दांडीला जोडलेली असते तिच्यात अगदी सौम्य वीज सोडायची. सांधा रक्तातच विरघळतो आणि कॉइल आत राहते. १९९० साली लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी ती प्रथम माणसात वापरली. २००२ साली २,१४३ रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. फुटलेल्या फुग्यावर कवटी उघडून इलाज केलेल्यांपैकी ३०.६ टक्के रुग्ण वर्षभरानंतर दगावलेले किंवा परावलंबी झालेले होते. कॉइलवाल्यांत हे प्रमाण २३.७ टक्के होते.

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते. मला थक्क करते ती पुढची. एकामागून एक कॉइली भरूनही धातू फुग्याची साधारण पाव ते एक तृतीयांश जागाच व्यापतो. उरलेली जागा शरीर भरते. तारांच्या जाळीत रक्त थबकते, गोठते. मग पांढऱ्या पेशी येतात, गोठलेले रक्त खाऊन साफ करतात, त्यांच्यामागून धागे विणणाऱ्या पेशी येतात आणि तिथे व्रणासारखे घट्ट ऊतक तयार होते. गुडघा फुटल्यावर खपलीखाली चालते तेच काम. याचेच नाव दाह. कॉइल हा नुसता मांडव. वेल चढतो तो शरीराचा.

उघड्या प्लॅटिनमवर हा वेल फार सावकाश चढतो. म्हणून काही कंपन्यांनी मुद्दाम दाह वाढवणाऱ्या कॉइली काढल्या. टाके आपोआप विरघळतात त्याच जातीच्या पदार्थाचा लेप त्यांना दिला. दुसऱ्या काहींवर रिकामी जागा भरावी म्हणून रक्तात फुगणारे हायड्रोजेल लावले. चुलीत जाळ वाढवण्यासारखेच होते ते, आणि क्वचित कुठे जाळ चुलीबाहेर आला. काही रुग्णांत जंतू नसतानाही मेंदूच्या आवरणाला सूज आली, काहींच्या मेंदूत पाणी साचले. हायड्रोजेल कॉइलच्या ४९९ रुग्णांवरच्या चाचणीत, ज्यांचा फुगा नुकता फुटलेला नव्हता अशांपैकी हायड्रोजेलच्या गटात पाच जणांच्या मेंदूत कारण न सापडणारे पाणी साचले. साध्या कॉइलच्या गटात एकाच्याच. आकडा लहान आहे, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

आणखी एक गुंता आहे, आणि त्यात कॉइल बहुधा निर्दोष असते. नळी धमनीतून सहज सरकावी म्हणून तिला बुळबुळीत लेप असतो. अनेक नळ्यांवर तो पॉलिव्हिनाइलपायरोलिडोनचा असतो. नाव अवघड, पण पदार्थ ओळखीचा: खरचटल्यावर आपण लावतो त्या पोव्हिडोन-आयोडीनमधले पोव्हिडोन ते हेच. त्वचेवर निरुपद्रवी असलेल्या या लेपाचा कण सुटून मेंदूच्या बारीक वाहिनीत अडकला, तर पेशी त्याला वेढतात. खाता येईना की एकमेकींत मिसळून राक्षसी पेशी बनतात. कोणाला हे आठवड्यांनी होते, कोणाला महिन्यांनी. एमआरआयवर चमकणारे ठिपके दिसतात, भोवती सूज. शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली तो परका लेप सापडला, तेव्हा उलगडा झाला. २०१५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा लेपांबद्दल डॉक्टरांना सावधही केले.

मुंबईकरांनी इथे थांबून विचार करावा असे मला वाटते. आपल्याकडे मेंदूत असे ठिपके दिसले की पहिली शंका येते ती टीबीची, नाहीतर फीतकृमीच्या गाठींची. ती शंका योग्यच आहे. हे आजार आपल्या शहरात आहेत. पण लेपाच्या दाहाची एक खूण आहे. ठिपके त्याच धमनीच्या वाटेवर असतात, जिच्यातून नळी गेली होती. मुलुंडच्या गाडीतून सांडलेले धान्य भांडुपला, विक्रोळीला सापडेल, बोरिवलीला नाही. ही खूण डॉक्टरांच्या लक्षात यायला आधी नळी कुठून कुठे गेली होती हे त्यांना कळायला हवे. दाह ठरला तर बहुतेकांना स्टिरॉइडने उतार पडतो, मात्र गोळ्या कमी करताना काहींना त्रास परत होतो.

असे फार विरळ घडते. फुटू शकणाऱ्या फुग्याच्या धास्तीपुढे ही जोखीम लहान आहे, आणि या भीतीने कोणी कॉइल नाकारू नये.

मात्र तुमच्या घरात कोणाला कॉइल बसवली असेल तर डिस्चार्ज कार्ड आणि फाइलमधले कॉइलचे स्टिकर यांचा आजच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. अचानक असह्य डोके दुखले तर वाट न पाहता कॅज्युअल्टी गाठा. महिन्यांनी, वर्षानेही, नवी डोकेदुखी सुरू झाली, हाताला अशक्तपणा आला किंवा फिट आली, तर डॉक्टर कोणीही असोत, पहिल्या वाक्यात सांगा की मेंदूत कॉइल आहे, कोणत्या बाजूला आहे आणि कधी घातली.