श्वानपालन, घरगुती

श्वानपालन, घरगुती : सोबत, राखण किंवा हौस यांसाठी कुत्रा घरात अथवा घराच्या आवारात ठेवून त्याचे अन्न, निवारा, आरोग्य, शिस्त व त्याच्या वर्तनाची कायदेशीर जबाबदारी आयुष्यभर स्वीकारणे, यास घरगुती श्वानपालन म्हणतात. मेंढपाळी, पोलीस वा सैनिकी काम यांसाठी केले जाणारे श्वानपालन याहून वेगळे होय. कुत्र्याचे आयुष्य सामान्यतः १० ते १३ वर्षांचे असते. लहान चणीच्या जाती याहूनही अधिक जगतात. त्यामुळे कुत्रा पाळण्याचा निर्णय म्हणजे एका तपाचे बंधन ठरते. या काळात कुटुंबाच्या नोकऱ्या, निवास व माणसे बदलू शकतात. कुत्र्याची गरज मात्र बदलत नाही. श्वानपालनातील बहुतेक अडचणींचे मूळ या विसंगतीत आढळते. [⟶ कुत्रा].

पूर्वपीठिका : कुत्रा हा माणसाळविलेल्या प्राण्यांपैकी सर्वांत प्राचीन होय. आता नामशेष झालेल्या लांडग्यांच्या एका समूहापासून किमान १५,००० वर्षांपूर्वी त्याची उत्पत्ती झाली असावी, असे मानतात. जर्मनीतील ओबरकासेल येथे १९१४ मध्ये सापडलेल्या सु. १४,००० वर्षांपूर्वीच्या दफनात एक पुरुष व एक स्त्री यांच्या सोबत कुत्र्याच्या पिल्लाचे अवशेष मिळाले. त्याच्या दातांवरील खुणांवरून ते मृत्यूपूर्वी अनेक आठवडे गंभीर आजारी असावे व माणसांच्या शुश्रूषेमुळेच तितके जगले असावे, असे अनुमान अभ्यासकांनी काढले आहे. आजारी पिल्लू शिकारीच्या वा राखणीच्या उपयोगाचे नसते. तेव्हा कुत्र्यासाठी निरपेक्ष खस्ता खाण्याची प्रवृत्ती अतिप्राचीन आहे, असे म्हणता येते.

महाराष्ट्रात दायमाबाद (अहमदनगर, आता अहिल्यानगर जिल्हा) येथे १९७४ मध्ये सापडलेल्या ब्राँझच्या शिल्पांत दोन बैलांचा एक रथ असून त्याच्या दांडीवर कुत्रा उभा असलेला दाखविला आहे. खंडोबाच्या व भैरवाच्या उपासनेत कुत्र्याला स्थान असून, खंडोबाचे भक्त ‘वाघ्या’ स्वतःस देवाचे कुत्रे म्हणवितात. दत्तात्रेयाच्या सान्निध्यातील चार कुत्री चार वेदांची प्रतीके मानली जातात. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे संत नामदेव तुपाची वाटी घेऊन धावल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीजवळ ‘वाघ्या’ कुत्र्याचे स्मारक आहे. तथापि या कुत्र्याच्या कथेस समकालीन साधनांत आधार मिळत नसल्याने ते वादाचा विषय झाले आहे.

धर्मकल्पनांत असे स्थान असले, तरी व्यवहारात कुत्रा उंबऱ्याबाहेरच राहिला. गावातील कुत्रे बहुधा कोणा एकाचे नसे. उरलीसुरली भाकरी सारी आळी टाकी व राखण साऱ्या आळीची होई. शेतकऱ्याचे कुत्रे त्याच्या मागोमाग शेतावर जाई. त्याला फिरावयास नेण्याचा प्रश्न उद्‌भवत नसे. या व्यवस्थेत औषधोपचाराचा अभाव होता व अनेक पिल्ले दगावत. परंतु कुत्र्यास मोकळीक, सोबत व काम या तीन गोष्टी आपोआप मिळत.

नागरी परिस्थिती : ही जुनी व्यवस्था एका पिढीच्या आत कशी पालटली, याचे उदाहरण म्हणून पिंपरी-चिंचवड परिसरातील वाकड या उपनगराचा निर्देश करता येईल. मुळा नदीच्या उत्तरेस असलेले वाकड हे पूर्वी शेतीप्रधान गाव होते. लगतच्या हिंजवडी येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारल्यानंतर, विशेषतः २००० नंतर, येथील शेतजमिनींवर बहुमजली गृहसंकुले उभी राहिली. कामानिमित्त दूरदूरहून आलेली छोटी कुटुंबे येथे राहतात. पुष्कळ घरांत पती व पत्नी दोघेही नोकरी करतात. संगणक-व्यवसायातील रात्रपाळी व चाकण-भोसरी पट्ट्यातील कारखान्यांच्या पाळ्या यांमुळे घरातील वेळापत्रकही अनिश्चित असते.

अशा सदनिकेतील कुत्र्याच्या ज्या गरजा पूर्वी आळी, अंगण व शेत मिळून भागवीत, त्या सर्वांचा भार एकट्या कुटुंबावर पडतो. कुत्रा हा कळपाने राहणारा प्राणी आहे. आठ-दहा तास एकटा कोंडला गेल्यास तो सतत भुंकणे, दार ओरबाडणे, वस्तू फाडणे किंवा स्वतःचे पंजे चाटून जखमा करणे असे प्रकार करतो. यास खोडकरपणा समजून शिक्षा केली जाते. वस्तुतः ती एकटेपणाची लक्षणे होत. यावरून कुत्रा पाळण्याची पहिली अट पैसा किंवा जागा ही नसून वेळ ही आहे, असे दिसून येते. सदनिका लहान असली, तरी दिवसातून दोनदा नियमाने फिरावयास नेल्यास कुत्रा स्वस्थ राहतो. उलट प्रशस्त बंगल्याच्या आवारात साखळीला बांधलेला कुत्रा चिडखोर बनतो.

निवड : कुत्र्याची निवड रूपापेक्षा हवामान, घरातील माणसे व उपलब्ध वेळ यांवरून करणे इष्ट असते. शीत प्रदेशात विकसित झालेल्या दाट केसांच्या हस्की, सेंट बर्नार्ड यांसारख्या जातींना पुणे परिसरातील उन्हाळा सोसत नाही. पग व तत्सम चपट्या नाकाच्या जातींना श्वसनाचा त्रास असल्याने उष्माघाताचा धोका अधिक असतो. दख्खनमधील कारवान (मुधोळ) व पश्मी या सडपातळ, वेगवान शिकारी जाती येथील हवेस अनुकूल आहेत. त्यांपैकी पश्मीच्या कानांवर व शेपटीवर रेशमी केस असतात. मुधोळ कुत्र्याचे चित्र असलेले टपाल तिकीट भारतीय डाक विभागाने २००५ मध्ये प्रसृत केले. या जातींना धावण्याची उपजत ओढ असल्याने केवळ संकुलाच्या आवारातील फेरी त्यांना पुरत नाही. सामान्य गावठी कुत्रा काटक व बुद्धिमान असतो. प्रथमच कुत्रा पाळणाऱ्यास तो अनेकदा सर्वांत सोयीचा ठरतो.

पिल्लू किमान आठ आठवडे आईजवळ राहणे आवश्यक असते. श्वान पैदास व विक्रीविषयक २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार त्याहून लहान पिल्लाच्या विक्रीस मनाई आहे. फार लवकर तोडलेल्या पिल्लास भावंडांशी खेळताना येणारा चाव्याचा अंदाज येत नाही. तीन ते चौदा आठवडे हा वयाचा काळ विशेष महत्त्वाचा असून या काळात परिचित झालेली माणसे, आवाज व वाहने यांची भीती पुढे राहत नाही.

दैनंदिन निगा : पिल्लास दिवसातून तीन-चार वेळा, तर प्रौढ कुत्र्यास दोन वेळा आहार देतात. पोळी-दूध किंवा दूध-भात एवढ्यावरच कुत्र्याचे पोषण होत नाही; प्रौढ कुत्र्यांपैकी अनेकांना दूध पचतही नाही. मांस, अंडी वा योग्य प्रमाणात बनविलेले तयार खाद्य यांतून प्रथिने मिळावी लागतात. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षे व मनुका हे पदार्थ कुत्र्यास विषारी आहेत. शिजविलेल्या हाडांचे तुकडे होऊन आतड्यास इजा होते.

मलमूत्र विसर्जनाची सवय ठराविक वेळी व ठराविक जागी नेल्याने लागते. मारहाणीने ती लागत नाही. योग्य कृती होताच लगेच दिलेले खाद्य वा शाबासकी हाच शिक्षणाचा परिणामकारक मार्ग होय. घरातील सर्वांनी आज्ञेचे शब्द एकच वापरावे लागतात, अन्यथा कुत्रा गोंधळतो. कुत्र्याच्या त्वचेतून माणसासारखा घाम येत नाही, धापा टाकून तो शरीराचे तापमान (सु. ३८·५° से.) राखतो. म्हणून मार्च ते मे या महिन्यांत त्यास सकाळी लवकर व सूर्यास्तानंतरच बाहेर नेणे योग्य असते. दुपारच्या डांबरी रस्त्याने पंजे भाजतात. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने बिथरून कुत्री पळून जातात. त्यामुळे गळपट्ट्यावर मालकाचा दूरध्वनी क्रमांक असणे उपयुक्त ठरते.

आरोग्य : पिल्लास सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून डिस्टेंपर, पार्व्हो विषाणूजन्य अतिसार, यकृतशोथ व लेप्टोस्पायरोसिस यांविरुद्ध लस देतात व ती सोळा आठवड्यांपर्यंत ठराविक अंतराने पुन्हा टोचतात. सोबत जंतनाशक औषध दिले जाते. पावसाळ्यात व त्यानंतर गोचिडांचा उपद्रव वाढतो. त्यांच्यामुळे एर्लिकिया व बबेसिया यांचे रक्तातील रोग होतात. ताप, भूक मंदावणे व नाकातून रक्त येणे ही त्यांची लक्षणे दुर्लक्षित राहिल्यास कुत्रा दगावू शकतो. पैदाशीचा हेतू नसल्यास निर्बीजीकरण करून घेणे हितावह असते. त्यामुळे नको असलेल्या पिल्लांची भर पडत नाही व कुत्रीत होणारा गर्भाशयाचा पूयविकार टळतो.

अलर्क रोग (पिसाळ रोग) : श्वानपालनातील सर्वांत गंभीर सामाजिक जबाबदारी या रोगाशी निगडित आहे. माणसास होणाऱ्या अलर्क रोगाचा संसर्ग सु. ९९ टक्के प्रसंगी कुत्र्यापासून होतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. कुत्र्यास तीन महिन्यांच्या वयात पहिली व नंतर पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमितपणे लस टोचल्यास हा धोका टळतो. कुत्रा चावल्यास वा त्याने ओरबाडल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवून त्वरित दवाखान्यात जावे. चावणारा कुत्रा पाळलेला होता, या कारणास्तव लस टाळू नये. मेंढीच्या मेंदूपासून बनविलेल्या जुन्या लसीची पोटात घ्यावी लागणारी इंजेक्शने अनेकांच्या स्मरणात आहेत. ती लस आता वापरात नाही. आधुनिक लस दंडात देतात व तिच्या मात्रा मोजक्या असतात.

कायदा व शेजारधर्म : महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ अन्वये महानगरपालिकांना कुत्र्यांवर कर बसविता येतो. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत कुत्रा पाळण्यासाठी परवाना घ्यावा लागतो. पाळीव प्राण्याचे लसीकरण, जंतनिर्मूलन व निर्बीजीकरण यांची जबाबदारी प्राणी जननदर नियंत्रण नियम, २०२३ यांनी मालकावर टाकली आहे. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून इतरांस इजा होऊ नये याची दक्षता न घेणे हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम २९१ खाली गुन्हा होय.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमानुसार नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसा व्यायाम न देणे व योग्य कारणाशिवाय प्राण्यास सोडून देणे, ही दोन्ही कृत्ये क्रूरतेत मोडतात. पहिल्या गुन्ह्यास मात्र त्यात केवळ १० ते ५० रुपये दंड सांगितला आहे. १९६० मधील हा आकडा पाहता आज कायद्याचा धाक कितपत राहतो, हे उघड आहे.

सहकारी गृहनिर्माण संस्थांतील तंटे बहुधा भुंकणे, जिन्यातील घाण व उद्वाहकाचा (लिफ्टचा) वापर यांवरून उद्‌भवतात. संस्थेला कुत्रा पाळण्यास सरसकट बंदी घालता येत नाही वा पाळीव कुत्र्यास उद्वाहकाची मनाई करता येत नाही, अशी भूमिका भारतीय प्राणी कल्याण मंडळाने आपल्या मार्गदर्शक सूचनांत घेतली आहे. त्याच सूचनांत स्वच्छता राखण्याचा व शेजाऱ्यांना उपद्रव होऊ न देण्याचा सल्ला मालकांना दिलेला आहे. सार्वजनिक जागी कुत्रा पट्ट्यानेच नेणे, त्याची विष्ठा स्वतः उचलणे आणि कुत्र्याला भिणारे मूल वा वृद्ध उद्वाहकात असल्यास पुढच्या खेपेची वाट पाहणे, एवढ्या पथ्यांनी बहुतेक तंटे मिटतात. शेजाऱ्याची भीती ही अनेकदा पूर्वानुभवातून आलेली असते. ‘तो काही करत नाही’ एवढ्या शब्दांनी तिचे निरसन होत नाही.

लाभ : राखणीचा जुना लाभ पहारेकरी असलेल्या संकुलांत गौण ठरला आहे. आता सोबत हाच मुख्य लाभ होय. स्वीडनमध्ये ३४ लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदींवरून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कुत्रा पाळणाऱ्यांत, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांत, मृत्यूचे प्रमाण तुलनेने कमी आढळले. मात्र मुळात निरोगी असलेली माणसेच कुत्रा पाळण्याकडे वळत असण्याची शक्यताही लक्षात घ्यावी लागते. जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये असे दाखवून दिले, की कुत्रा व त्याचा मालक एकमेकांकडे टक लावून पाहतात, तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसीन हे हॉर्मोन वाढते. माता व अर्भक यांच्या जवळिकीतही हेच हॉर्मोन कार्य करते.

याखेरीज काही लाभ मोजमापात न बसणारे आहेत. मुलांना आपल्यावर अवलंबून असलेल्या जिवाची जबाबदारी कळते. परगावाहून मुलाकडे येऊन राहिलेल्या वृद्धांना सकाळ-संध्याकाळ बाहेर पडण्यास निमित्त मिळते. वाकडसारख्या नव्या वस्तीत शेजाऱ्याचे नावही ठाऊक नसते. तेथे कुत्र्याच्या फेरीत अनोळखी माणसे एकमेकांशी बोलू लागतात. विशेष म्हणजे हे लाभ वर सांगितलेल्या कष्टांतूनच निर्माण होतात. फिरावयास नेण्याचे काम नोकरावर सोपविणाऱ्या मालकास त्यांतील फारच थोडे पदरी पडतात.

वार्धक्य व त्याग : सात-आठ वर्षांनंतर कुत्र्यास सांधेदुखी, मोतीबिंदू, मूत्रपिंडाचे विकार वा अर्बुदे होऊ लागतात. या वयात खर्च व शुश्रूषा वाढते आणि खेळकरपणा ओसरतो. बदली, परदेशगमन, बाळाचा जन्म किंवा कुत्रा ठेवू न देणारा घरमालक, ही कुत्रा सोडून देण्याची नेहमीची कारणे होत. घरात वाढलेला कुत्रा रस्त्यावर सोडल्यास तेथील कुत्र्यांच्या टोळ्या त्यास आपल्यात घेत नाहीत. वाहने ओळखण्याची व अन्न शोधण्याची सवय नसल्याने त्याचा निभाव क्वचितच लागतो. म्हणून आपल्या पश्चात वा गैरहजेरीत कुत्र्यास कोण सांभाळील, याचे उत्तर पिल्लू घरी आणण्यापूर्वीच निश्चित करणे अगत्याचे असते. दुर्धर व वेदनामय आजारात पशुवैद्याच्या साहाय्याने वेदनारहित मृत्यू देण्याचा निर्णयही कधीकधी मालकासच घ्यावा लागतो. त्या वेळी जवळ थांबणे ही त्याची अखेरची जबाबदारी होय.