शासकीय संशोधन अनुदान : ऑनलाइन अर्जाची पूर्वतयारी

संशोधन अनुदानासाठी प्रथम योग्य संस्था निश्चित करणे आवश्यक आहे. सामाजिक शास्त्रांतील प्रकल्पांना १९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद अर्थसाहाय्य देते. विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाचे कार्य २०२३ च्या कायद्यान्वये अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे गेले आहे; म्हणून जुन्या परिपत्रकांवर विसंबू नये.

ऑनलाइन अर्ज प्राध्यापक भरतो, परंतु अनुदान सामान्यतः महाविद्यालयाच्या खात्यात जमा होते. त्यामुळे प्राचार्यांचे अग्रेषणपत्र आणि सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणालीतील संस्थेची नोंदणी आधीच तयार असावी. अन्यथा उत्तम प्रस्तावही मुदतीत पोहोचत नाही. केंद्रीय अनुदानाचा खर्च सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील नमुना १२-अ नुसार उपयोगिता प्रमाणपत्राने सिद्ध करावा लागतो.

सारांश, संशोधक व महाविद्यालय कार्यालय यांचा समन्वय हाच यशस्वी अर्जाचा पाया होय.