आकड्यांचा स्वभाव – भाग ९ : नांदेडचा पिन, लातूरचा पिन

मागच्या भागात आपण ६१७४ पाशी थांबलो होतो. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये गणितज्ञांपुढे ठेवलेली ही संख्या. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, मग चढत्या क्रमाने. मोठीतून लहान वजा करायची आणि उत्तराचं पुन्हा तेच करायचं. सगळे अंक सारखे नसतील, तर कुठलीही चार अंकी संख्या फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ वर येते.

सहा अंकांचं तसं नाही, आणि मला तर तेच जास्त आवडतं. हाताशी सहा अंकी संख्या हवी, तर पत्त्यावरचा पिनकोड आहेच. ती पद्धतही एका मराठी माणसानेच आखली: टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. १५ ऑगस्ट १९७२ पासून ती लागू झाली.

नांदेडचा पिन ४३१६०१. पुढे शून्य आलं तरी ते टाकायचं नाही, एवढं सांभाळा.

६४३११० − ०११३४६ = ६३१७६४

आता या उत्तराचेच अंक घ्या.

७६६४३१ − १३४६६७ = ६३१७६४

पहिल्याच वजाबाकीत संख्या जागेवर स्थिर! सहा अंकांत अशा स्थिर संख्या दोनच आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४.

लातूरचा ४१३५१२ मात्र हिंडत राहतो. ४३०८६६, ८३१७६२, ७५२६४३ असं करत बाराव्या वजाबाकीला तो ८५१७४२ वर येतो आणि तिथून एका फेऱ्यात सापडतो: ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६ आणि परत ८५१७४२. या सात संख्यांतून सुटका नाही.

असं का होतं? उतरत्या मांडणीत पहिल्या-शेवटच्या, दुसऱ्या-पाचव्या आणि तिसऱ्या-चौथ्या अंकांमधले फरक काढा. त्यांना अनुक्रमे ९९९९९, ९९९० आणि ९०० ने गुणून बेरीज केली की वजाबाकीचं उत्तर मिळतं. म्हणजे सहा अंकांपैकी कामाचे हे तीन फरकच. नांदेडचे फरक ६, ३, २:

५९९९९४ + २९९७० + १८०० = ६३१७६४

खुद्द ६३१७६४ चे फरकही ६, ३, २ च. म्हणूनच ती हलत नाही. लातूरचे फरक ४, ३, १, म्हणून त्याची वाट वेगळी.

आता नांदेडलाच, विष्णुपुरीच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा पिन घ्या: ४३१६०६. फक्त शेवटचा अंक बदलला, पण फरक झाले ६, ५, १. पहिलं उत्तर ६५०८४४, आणि सातव्या वजाबाकीला येतात ४२०८७६, म्हणजे लातूरच्याच फेऱ्यातली संख्या. मधली पाच उत्तरं वाचकांनी काढून पाहावीत. पुढच्या भागात ५४९९४५ कडे जाणारे पिन शोधू.