पन्नास हर्ट्झचा मारिओ

मारिओच्या पहिल्या स्टेजला वरच्या कोपऱ्यात ४०० हा आकडा असतो. गेल्या दिवाळीत मी मारिओला जागेवर तसाच उभा ठेवला, रिमोट सतरंजीवर ठेवला आणि मोबाइलवर वेळ लावली. आकडा शून्यावर यायला ३ मिनिटं १२ सेकंद लागली. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या मित्राने जपानहून आणलेल्या निन्टेन्डोच्या अस्सल फॅमिकॉमवर हाच प्रयोग केला. तिथे लागली २ मिनिटं ४० सेकंद. गेम एकच, आकडा एकच, आणि मध्ये बत्तीस सेकंदांचं अंतर.

पहिल्या प्रयोगातला गेमचा डबा आमच्या घरचा. नव्वदच्या दशकात, मी नाशिक जिल्ह्यातल्या सटाण्यात शाळेत असताना वडिलांनी दिवाळीला घेतलेला. तो क्लोन, म्हणजे जपानी यंत्राची नक्कल. दुसरा खरा. आज चाळिशीला आलेली माझ्या वयाची माणसं पुन्हा हे गेम खेळायला बघतात, आणि पहिला प्रश्न हाच विचारतात : क्लोन घ्यावा की ओरिजिनल? परदेशी जाणकार बिनदिक्कत सांगतात, ओरिजिनल घ्या. त्या बत्तीस सेकंदांमुळे मला हे उत्तर जसंच्या तसं घेता येईना, म्हणून मी वर्षभर या डब्यांच्या मागे लागलो.

आधी सेकंदांचा हिशेब. मारिओतलं घड्याळ सेकंद मोजत नाही, चित्रं मोजतं. पडद्यावर चोवीस चित्रं उमटली की आकडा एकाने उतरतो. ४०० ला चोवीसने गुणलं की ९,६०० चित्रं झाली. जपानी टीव्हीवर सेकंदाला साठ चित्रं उमटतात, आपल्याकडे पन्नास. आपली वीज पन्नास हर्ट्झची, आणि १९८२ च्या एशियाडच्या निमित्ताने दूरदर्शनने रंगीत प्रक्षेपण सुरू केलं तेही पन्नासच्या पाल पद्धतीचं. पाल टीव्हीसाठी बनवलेल्या क्लोनवर सगळा गेम त्यामुळे सहाव्या हिश्श्याने संथ चालायचा. मारिओची उडी जास्त वेळ हवेत राहायची, कॉन्ट्रातल्या गोळ्या डोळ्यांना दिसून चुकवता यायच्या.

गाण्याचं तर आणखी नवल. गेममधल्या संगीताची लय चित्रांवर चालते, पण सुराची पट्टी ठरते चिपच्या गतीवर. जपानी यंत्राची चिप १.७९ मेगाहर्ट्झवर चालते. तैवानच्या क्लोनवाल्यांनी पन्नास हर्ट्झसाठी चिप बनवताना ती १.७७ वर ठेवली. फरक एक टक्क्याहून कमी, कानाला कळणारही नाही असा. लय विलंबित झाली, पट्टी तीच राहिली. खुद्द निन्टेन्डोने युरोपसाठी बनवलेल्या यंत्राची चिप मात्र १.६६ वर चालते. त्यावर जपानी गेम जसाच्या तसा लावला तर लयीबरोबर सूरही उतरतो. म्हणजे पन्नास हर्ट्झच्या मुलखात सूर सांभाळला तो नकलेने. बरोबरीने खोटही होती : पुष्कळ क्लोनमध्ये स्वरांचे दोन पोत एकमेकांच्या जागी पडले होते, त्यामुळे पट्टी बरोबर पण आवाजाची जात वेगळी. आमच्या कानात मारिओचं जे गाणं बसलंय ते हे असं आहे, आणि अस्सल यंत्रावर ते ऐकताना पहिले दोन दिवस मला घाई झाल्यासारखी वाटत होती.

हे डबे आपल्यापर्यंत आले कसे, याची गोष्ट एका कुलपापासून सुरू होते. मासायुकी उएमुरा यांच्या हाताखाली घडलेला फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी जपानात १४,८०० येनला विक्रीला आला. कॅसेटला साठ पिना, आणि आत कुलूप कसलंच नाही. १९८५ मध्ये हेच यंत्र अमेरिकेत एनईएस नावाने गेलं तेव्हा निन्टेन्डोने पिना बहात्तर केल्या आणि परवानगीशिवायची कॅसेट चालू नये म्हणून यंत्रात एक पहारेकरी चिप बसवली. नक्कल करणाऱ्यांनी साहजिकच बिनकुलपाचं घर धरलं. तैवानच्या यूएमसी कंपनीने फॅमिकॉमच्या दोन्ही मुख्य चिपांच्या नकला काढल्या, आणि त्या जगभर वेगवेगळ्या नावांच्या डब्यांत बसल्या. रशियात १९९२ पासून डेंडी, पोलंडमध्ये पेगासस, चीनमध्ये कीबोर्ड जोडलेला सुबोर, आपल्याकडे मीडिया, लिटल मास्टर. कोणीच त्यांना क्लोन म्हणत नव्हतं. दुकानात जाऊन ‘टीव्ही गेम द्या’ म्हणायचं. कार्ट्रिजला कॅसेट, कंट्रोलरला रिमोट.

खऱ्या वाटेने येणारं यंत्र परवडणारं नव्हतंच. नव्वदच्या दशकाच्या मध्यात सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीने आपलं मेगा ड्राइव्ह हे यंत्र शॉ वॉलेस कंपनीमार्फत भारतात आणलं. आयातीवर ऐंशी टक्के कर होता, तो टाळण्यासाठी ही व्यवस्था. तरी किंमत १८,००० रुपये. त्या वेळच्या भावाने तेवढ्यात तीन तोळे सोनं आलं असतं. कांदा आणि डाळिंबाच्या भावावर ज्यांचं वर्ष ठरतं त्या आमच्या बागलाणातल्या घरांत ही वस्तू येणार कशी? आला तो क्लोन. सटाण्याच्या देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या यात्रेत खेळण्यांच्या दुकानांपुढे पिवळ्या कॅसेटी दोरीला टांगलेल्या मला लख्ख आठवतात. ज्याच्या घरी डबा नसे तो आरम नदीकाठच्या मित्राकडे जाई, आणि लोडशेडिंगच्या वेळापत्रकावर नंबर लावून खेळे.

यात चोरी होती, हे स्वच्छ सांगायला हवं. ‘९९९९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटीत खरे गेम काही डझनच असत. तेच पुन्हा पुन्हा, कधी दुसऱ्या स्टेजपासून सुरू होणारे, कधी नुसतं नाव बदललेले. कोनामी, नामको, हडसन यांना त्यातून छदाम मिळाला नाही. यंत्रावरच्या पेटंटची मुदत आता संपली आहे, म्हणून क्लोनचा डबा बनवणं आज बेकायदा नाही. गेमचे हक्क मात्र जिवंत आहेत. शेकडो गेम आत भरून विकला जाणारा नवा डबा आजही त्याच चोरीवर उभा असतो. तरीही आमच्याकडे पोहोचलेली वस्तू तीच होती, आणि एक पिढी तिच्यावर वाढली. शेजारच्या मालेगावात नासिर शेख यांनी २००० साली शोलेची नक्कल म्हणून ‘मालेगाव के शोले’ हा सिनेमा काढला. तो बघायला गेलेल्या माणसाला त्यात मुंबईचा शोले शोधायचा नव्हता.

आता डब्याच्या आत. माझा डबा बारा-तेरा वर्षं पोटमाळ्यावर होता. दिवाळीच्या त्या प्रयोगाआधी तो पहिल्यांदा चालू केला तेव्हा पडदा नुसता करडा, मध्येच चिन्हांचा चिखल. एसटी स्टँडच्या मागे जुने टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे नेला. त्यांनी चार स्क्रू काढले, झाकण उचललं, आणि भिंग लावून बराच वेळ बघत राहिले. हिरव्या पाटीवर चाळीस पायांच्या दोन लांब आयसी शेजारी शेजारी : एक हिशेबाची, एक चित्राची. त्यांच्याजवळ दोन छोट्या मेमरी, प्रत्येकी दोन किलोबाइटची. बाजूला तीन-चार ७४ मालिकेच्या साध्या आयसी, आणि कोपऱ्यात पत्र्याला बांधलेला पाच व्होल्टचा ७८०५. काका म्हणाले, “हाऊ डबा आजून जित्ता शे.”

त्यांनी आधी ७८०५ च्या बाहेर व्होल्ट मोजले, पाच भरले. मग कॅसेटच्या खाचेत आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेली पट्टी चार वेळा घातली-काढली. पट्टी काळी झाली. हे ऐकून कित्येकांना वाईट वाटेल, पण आपण सगळे कॅसेटला फुंकर मारायचो तीच तिची वैरीण. तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. फुंकरीने कॅसेट चालू झाल्यासारखं वाटायचं ते काढून पुन्हा बसवल्यामुळे. साफसफाईनंतर मारिओ दिसला, पण विटांच्या जागी अक्षरं. काकांनी चित्राजवळच्या मेमरीवर बोट ठेवलं. ती आयसी मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवली. सुकलेले तीन कॅपॅसिटरही त्यांनी बदलले. साठ-सत्तर रुपयांचा माल, दोन तासांची मेहनत, आणि डबा पूर्ववत.

त्याच टेबलावर एका ओळखीच्या मुलाने आणलेला नवा डबाही उघडला. आत तळहाताएवढी पाटी, तिच्यावर काळ्या रेझिनचा एक थेंब, आणि वजन वाटावं म्हणून चिकटवलेली लोखंडाची पट्टी. त्या थेंबाखाली दोन्ही मोठ्या आयसी, मेमरी, सगळं एकाच चिपमध्ये कोंबलेलं असतं. थेंब बिघडला की डबा संपला. काकांनी तो तसाच परत केला. क्लोन-क्लोनमधला हा भेद मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि ‘क्लोन की ओरिजिनल’ विचारताना तोच सुटतो. नव्वदच्या सुरुवातीचा क्लोन हा सुट्या भागांचा, मूळ यंत्राशी पाय-न्-पाय जुळणारा, दुरुस्त होणारा माल आहे. नंतरचा थेंबवाला क्लोन ही वापरून फेकायची वस्तू.

मग ओरिजिनल कोणी घ्यावा? ज्याला साठ हर्ट्झचा, निर्मात्यांनी बांधला तसा गेम अनुभवायचा आहे त्याने जरूर घ्यावा. मी मित्राच्या यंत्रावर दोन रात्री कॉन्ट्रा खेळलो आणि आमची मर्दुमकी किती संथ होती हे कळलं. मात्र मागवताना सांभाळा. जपानी अॅडॅप्टर १०० व्होल्टचा. आपल्या २३० मध्ये घातला की जळाला. फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागतो आणि त्याचं मधलं टोक ऋण असतं, आपल्याकडच्या बऱ्याच अॅडॅप्टरच्या उलट. अमेरिकेहून नातेवाइकाने एनईएस आणला तर त्याचा अॅडॅप्टर एसी देतो; तो फॅमिकॉमला लावू नये, यंत्र मरतं. त्या बहात्तर पिनांत घरची साठ पिनांची कॅसेट बसणारही नाही. पहिल्या फॅमिकॉमला फक्त अँटेनाची वायर आहे आणि ती जपानी चॅनेलवर बोलते, आपल्या टीव्हीवर लागणं मुश्किल. १९९३ चा सुधारित फॅमिकॉम एव्ही वायरीचा आहे. घ्यायचाच तर तो. जुन्या फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटवर स्टार्टचं बटण नाही, त्याजागी मायक्रोफोन आहे. आणि आमच्या रिमोटवरची टर्बोची दोन जादा बटणं, जी दाबून धरली की गोळ्यांचा पाऊस पडायचा, ती फॅमिकॉमसोबत येणाऱ्या रिमोटवर नव्हती. ती नक्कल करणाऱ्यांनी दिलेली भेट.

बंदुकीचं मात्र कोणत्याही डब्यात एकच. बदकं मारायची बंदूक पडद्यावर काही सोडत नाही. ती पडद्याचा उजेड बघते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि पिक्चर ट्यूबवर ओळी रेखणाऱ्या किरणाची लुकलुक बंदूक टिपते. एलसीडी पडद्यावर ती लुकलुकच नाही, म्हणून तिथे जपानी बंदूकही आंधळी आणि चिनीही. बंदूक चालवायची असेल तर पिक्चर ट्यूबचा जुना डबा टीव्ही मिळवा. त्याचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात.

बाजारात आज पाचशे-सहाशे रुपयांत खिशातले ‘४०० इन १’ मिळतात, टीव्हीला खुपसायच्या दहा हजार गेमच्या काड्या मिळतात. मुलांना एक दुपार रमवायला ठीक. पण त्यांत बटण दाबल्यावर मारिओ अनेकदा किंचित उशिरा उडतो. खड्ड्याच्या काठावर तेवढा उशीर जीव घेतो. ज्यांना खोलात जायचंय त्यांच्यासाठी एफपीजीए नावाची वाट आहे : कोऱ्या चिपमध्ये जुन्या आयसीची रचनाच पुन्हा मांडायची. २०१७ मध्ये सुरू झालेला मिस्टर हा प्रकल्प तसा आहे. त्याचं मोल मी मानतो, पण ती खर्चिक आणि अभ्यासूंची वाट.

माझा कौल असा. घरात जुना डबा असेल तर तोच दुरुस्त करा, कारण तुमच्या हातांना माहीत असलेली उडी त्याच्यातच आहे. पन्नास हर्ट्झचा तो संथ मारिओ जपानमधून विकत मिळत नाही. डबा नसेल आणि पैसे असतील तर एव्ही फॅमिकॉम घ्या. थेंबवाला नवा क्लोन घेऊ नका.

जपानमध्ये फॅमिकॉमचं उत्पादन २००३ पर्यंत चाललं. फॅमिकॉम आणि एनईएस मिळून सहा कोटींहून जास्त यंत्रं विकली गेली, आणि तिथले संग्राहक त्यांचा एकेक स्क्रू जपतात. आमच्या डब्यांची नोंद कोणी ठेवलेली नाही. दर दिवाळीच्या साफसफाईत पोटमाळ्यावरून ते थेट भंगाराच्या हातगाडीवर जातात. या वर्षी तुमच्या घरचा डबा सापडला तर देण्याआधी चार स्क्रू काढून बघा. आत चाळीस पायांच्या दोन लांब आयसी शेजारी शेजारी दिसल्या, तर तो देऊ नका.