खडकीचा शेजार

पुण्याच्या वायव्येस, मुळा नदीच्या काठी, खडकी वसली आहे. मुंबईहून लोहमार्गाने पुण्यास येणारा प्रवासी दापोडी सोडून नदीचा पूल ओलांडतो, तोच खडकीचे स्थानक येते. गाडीच्या खिडकीतून त्याला गर्द झाडी व मोठमोठी आवारे दिसतात, आणि येथे जागेला काही तोटा नसावा असे त्यास वाटते. परंतु तोच प्रवासी खाली उतरून खडकी बाजारात शिरला, तर तेथे घराला घर लागलेले, दुकानावर बिऱ्हाड आणि बिऱ्हाडासमोर दुसऱ्याचे दार, असा देखावा त्याच्या दृष्टीस पडतो. भोवती विस्तीर्ण मोकळी जमीन आणि मध्येच एवढी दाटी, असे का व्हावे?

याचे उत्तर इतिहासात आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या माळावर दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे सैन्य व इंग्रजांची फौज यांची लढाई झाली. मराठी सैन्याचे नेतृत्व सेनापती बापू गोखले यांच्याकडे होते. या लढाईत इंग्रजांची सरशी झाली व पुढच्याच वर्षी पेशवाईचा अंत झाला. पुण्यावर नजर ठेवता यावी म्हणून इंग्रजांनी खडकीस आपल्या फौजेची छावणी केली. १८५८ साली खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला, आणि १८६९ साली येथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्फोटक द्रव्यांचा आणखी एक कारखाना त्यात पडला. सैन्यातील अभियंत्यांचे ‘बॉम्बे सॅपर्स’ हे नामांकित दलही येथेच ठाण मांडून आहे.

छावणीची आखणी ठरीव असे. अधिकाऱ्यांचे बंगले प्रशस्त आवारांत, शिपायांच्या बराकी ओळीने, कवायतीसाठी मोठे मैदान, आणि एका बाजूस बाजार. धान्य, कापड, भाजी पुरविणारे व्यापारी, शिंपी, चांभार, धोबी, न्हावी अशा साऱ्यांनी या बाजारात राहावे, अशी व्यवस्था होती. पुढे कारखान्यांमुळे माणसे वाढली, पण बाजाराची सीमा मात्र वाढू शकली नाही. एका अंगास लष्कराची जमीन, दुसऱ्या अंगास कारखाने, शिवाय लोहमार्ग आणि नदी. वस्तीने पसरावे तरी कोठे? छावणीत बहुतेक ठिकाणी जमीन सरकारची व घर तेवढे मालकाचे, असा प्रकार असतो. त्यामुळे घरावर मजला चढवावयाचा, तरी परवानगी लागते. अशा रीतीने खडकी बाजार आतल्या आतच दाट होत गेला.

दाट वस्तीत राहण्याचे काही मोठे लाभ असतात. येथे बाजार, शाळा, दवाखाना, देवालय व रेल्वे स्थानक ही सारी पायी जाण्याच्या अंतरावर असतात. घरी साखर संपली, तर लहान मूलही ती धावत जाऊन आणू शकते. वृद्ध मनुष्यास औषधासाठी कोणाच्या वाहनाची वाट पाहावी लागत नाही. रस्त्यावर सतत ओळखीची माणसे वावरत असल्यामुळे अनोळखी मनुष्य चटकन डोळ्यांत भरतो. रस्त्यावर खेळणाऱ्या मुलावर एकट्या आईचे नव्हे, चार घरांचे लक्ष असते. रात्री-अपरात्री कोणी आजारी पडले, तर भिंतीवर थाप मारताच शेजारी जागा होतो. एखादे दार सकाळी उशिरापर्यंत उघडले नाही, तर त्याची चौकशी करावयास कोणी तरी येतेच.

फौज आणि कारखाने यांच्यामुळे खडकीस निरनिराळ्या प्रांतांतील लोक आले. मराठी, तमिळ, तेलुगू, कन्नड व हिंदी या भाषा येथे एकाच गल्लीत कानी पडतात. देऊळ, मशीद व चर्च यांच्यांत फारसे अंतर नाही. या मिश्र वस्तीने देशाला एक थोर खेळाडू दिला. हॉकीपटू धनराज पिल्ले यांचा जन्म १९६८ साली खडकीत एका तमिळ कुटुंबात झाला. कारखान्याच्या वसाहतीतील मैदानावर मोडक्या काठ्या दुरुस्त करून ही भावंडे खेळत. पुढे धनराज चार ऑलिंपिक स्पर्धांत खेळले, आणि १९९८ साली त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. घरे लहान असली तरी जवळ मैदान होते, ही गोष्ट येथे विसरता कामा नये. घरातील जागेची उणीव मैदानाने भरून काढली.

परंतु दाटीचे क्लेशही थोडे नाहीत. कुटुंब वाढते, खोली मात्र वाढत नाही. एकाच्या घरातील रेडिओ तिघांच्या अभ्यासात येतो. अरुंद गल्लीत आग विझविणारा बंब शिरणे कठीण जाते. १८९६ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा लोक दाट पेठा सोडून मोकळ्या रानात झोपड्या घालून राहिले. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा ज्या घरात एकच खोली त्याने रोग्यास निराळे ठेवावे कोठे, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. शेजाऱ्याचा आधार व शेजाऱ्याचा उपद्रव ही दोन्ही एकाच भिंतीतून येतात.

आज खडकीपुढे एक नवा प्रश्न आहे. छावण्यांतील नागरी वस्ती लगतच्या नगरपालिकेत वा महानगरपालिकेत समाविष्ट करावी, असा विचार केंद्र सरकारने २०२३ च्या सुमारास पुढे आणला. तसे झाल्यास बांधकामाचे नियम सैल होतील व कोंडलेल्या कुटुंबांना दोन खोल्या अधिक मिळतील, अशी अनेकांना आशा वाटते. उंच इमारती उठल्यावर गल्लीतील ओळखदेख राहील काय, व पाण्याचा आणि मैलापाण्याचा भार कोण सोसणार, अशी इतरांस चिंता वाटते. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ज्या घरात तीन पिढ्या एका खोलीत झोपतात, त्यास शेजारधर्माचे गोडवे ऐकवून भागत नाही; आणि ज्यास प्रशस्त घर मिळाले पण हाक मारण्यास कोणी उरले नाही, त्याचेही सारे साधले असे म्हणता येत नाही.

म्हणून वस्तीची नवी आखणी करणारांनी भिंतींबरोबर वाटा, ओटे व मैदानेही मोजावीत. आणि तेथे राहणारांनीही काही नियम पाळावेत. आपला आवाज आपल्या उंबरठ्याच्या आत ठेवावा, जिना व गल्ली ही सर्वांची समजून स्वच्छ राखावी, बंबाच्या वाटेत वाहन लावू नये. हे नियम कोणत्याही कायद्याहून जुने आहेत. जागा थोडी असली, की माणसाला दुसऱ्याचा विचार करावाच लागतो. दाट वस्ती हा धडा रोज देत असते.

स्वाध्याय
१. खडकी बाजाराची वस्ती दाट का झाली, ते आपल्या शब्दांत सांगा.
२. ‘शेजाऱ्याचा आधार व शेजाऱ्याचा उपद्रव ही दोन्ही एकाच भिंतीतून येतात’ या वाक्याचा अर्थ उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
३. तुमच्या वस्तीत सर्वांच्या मालकीच्या जागा कोणत्या आहेत? त्यांची निगा कोण राखते, याची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.