कीटकनाशकांचा वापर : गरज किती, धोका किती?



श्रावण-भाद्रपदात पऱ्हाटीवर कीड दिसू लागली की, "साहेब, कोणते औषध मारू?" हा प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो. खरे पाहता त्याआधी "औषध मारू की नको?" हे ठरवायला हवे. आपण ज्याला औषध म्हणतो ते विष आहे. योग्य वेळी व योग्य मात्रेत वापरल्यास ते पीक वाचविते. अवेळी वापरल्यास पैसा वाया जातो, मित्रकीटक मरतात आणि कधी कधी फवारणी करणाऱ्याच्या जिवावर बेतते.

कीटकनाशकांमुळे काय साधले?

सन १९५०-५१ मध्ये आपल्या देशाचे अन्नधान्य उत्पादन सुमारे ५ कोटी टन होते. १९६० च्या दशकात अमेरिकेतून गहू आणून लोकांना खाऊ घालावे लागले. सन २०२२-२३ मध्ये हेच उत्पादन सुमारे ३३ कोटी टनांवर गेले. सुधारित वाण, ओलीत व रासायनिक खते यांच्या जोडीला पीक संरक्षणाचाही या वाढीत वाटा आहे. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजानुसार कीड व रोगांमुळे दरवर्षी जगातील २० ते ४० टक्के पीक उत्पादन वाया जाते. तुरीवरील शेंगा पोखरणारी अळी वेळीच आवरली नाही, तर हातातोंडाशी आलेले पीक कसे जाते, हे आपणास सांगायला नको. म्हणून कीटकनाशके सरसकट बंद करा, असे म्हणणे व्यवहार्य नाही.

मात्र, "जगाची भूक भागवायची तर फवारणी वाढवावीच लागेल" हा युक्तिवादही तपासून घ्यावा. सन २०२४ मध्ये जगात सुमारे ६७ कोटी लोक अर्धपोटी होते. त्यांच्या भुकेमागे युद्ध, बेकारी व धान्य विकत घेण्याची ऐपत नसणे ही मोठी कारणे आहेत. सन १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी हेच दाखवून दिले, की धान्य असूनही माणूस उपाशी मरू शकतो. शिवाय बीटी कापूस येण्यापूर्वी आपल्या देशातील जवळजवळ निम्मी कीटकनाशके एकट्या कापसावर वापरली जात, आणि कापूस काही पोटात जात नाही. विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरची भूक त्याच्या निव्वळ नफ्याशी जोडलेली आहे. अनावश्यक फवारणी हा नफाच खाऊन टाकते.

जास्त फवारले म्हणजे जास्त मेले, असे नाही

एकाच प्रकारचे कीटकनाशक वारंवार वापरल्यास काही अळ्या त्यातून वाचतात. त्यांची पुढची पिढीही त्या विषाला दाद देत नाही. १९८० च्या दशकात सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाची कीटकनाशके कापसावर सर्रास वापरली गेली. थोड्याच वर्षांत हिरवी बोंडअळी त्यांना जुमानेनाशी झाली. ढालकिडा व क्रायसोपा यांसारखे मित्रकीटक मेल्याने पांढऱ्या माशीलाही रान मोकळे झाले.

सन २००२ मध्ये बीटी कापूस आला आणि बोंडअळीसाठीच्या फवारण्या कमी झाल्या. परंतु गुलाबी बोंडअळीने बीटीविरुद्धही प्रतिकारशक्ती मिळविली. पावसाळा सरल्यावर फरदड ठेवल्याने तिला वर्षभर खाद्य मिळत राहिले. सन २०१७ मध्ये विदर्भात तिचा मोठा उद्रेक झाला.

यवतमाळचा धडा

त्याच वर्षी, सन २०१७ च्या पावसाळ्यात, यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यानंतर राज्य शासनाने पश्चिम विदर्भातील पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली.

हे का घडले, ते समजून घ्यावे. पऱ्हाटी पुरुषभर उंच वाढली होती, त्यामुळे फवाऱ्याचे तुषार तोंडावर व छातीवर येत होते. हवा दमट होती. दोन-तीन कीटकनाशके व वाढीची संजीवके एकाच पंपात मिसळली जात होती. जास्त दाबाचे पंप वापरात होते. तोंडाला साधा रुमाल, अंगात ओला सदरा, अशा स्थितीत दिवसचे दिवस फवारणी चालली. यांतील बरेच जण दुसऱ्याच्या शेतात रोजीने राबणारे मजूर होते. फवारणीचा खर्च काढताना आपण औषधाची किंमत व मजुरी धरतो. पंप पाठीवर घेणाऱ्याच्या जिवाचा धोकाही त्यात धरला पाहिजे.

फवारणीपूर्वी मोजणी करा

कीड दिसली की फवारणी, हा नियम सोडावा. किडीमुळे होणारे नुकसान फवारणीच्या खर्चापेक्षा जास्त होण्याची वेळ आली, म्हणजे आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, असे समजावे. त्यासाठी दर आठवड्यास शेतात फिरून झाडांची पाहणी करावी.

१) तुडतुडे : प्रति पान २ ते ३.
२) मावा व फुलकिडे : प्रति पान १०.
३) पांढरी माशी : प्रति पान ८ ते १०.
४) गुलाबी बोंडअळी : एकरी २ कामगंध सापळे लावावेत. सलग ३ दिवस प्रति सापळा ८ पतंग आढळल्यास, अथवा एकरी २० हिरवी बोंडे फोडून पाहिल्यावर २ किंवा अधिक बोंडांत जिवंत अळी दिसल्यास उपाय योजावा.

प्रादुर्भाव या पातळीखाली असेल तर ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी ५ किलो निंबोळी चूर्ण रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवावे. सकाळी गाळून त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा व पाणी घालून एकूण १०० लिटर द्रावण करावे. डोमकळ्या तोडून नष्ट कराव्यात. डिसेंबरअखेर कापसाचा हंगाम संपवावा, फरदड घेऊ नये.

फवारणी करावीच लागली तर

१) शिफारस केलेले एकच कीटकनाशक, लेबलवरील मात्रेतच वापरावे. मनाने मिश्रण करू नये. दुकानदाराकडून पक्के बिल घ्यावे.
२) डब्यावरील त्रिकोण पाहावा. लाल रंग म्हणजे अति तीव्र विष. त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा असा विषारीपणा उतरत जातो.
३) हातमोजे, मास्क, चष्मा, टोपी व पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत. आपल्या शेतात मजूर फवारणार असेल तर हे साहित्य आपणच द्यावे.
४) सकाळी किंवा सायंकाळी, वाऱ्याच्या दिशेने फवारावे. नोझल तोंडाने फुंकू नये. काम चालू असताना खर्रा, बिडी किंवा जेवण टाळावे.
५) काम संपताच साबणाने आंघोळ करून कपडे वेगळे धुवावेत. रिकामा डबा पाण्यासाठी वा धान्यासाठी कधीही वापरू नये.

मळमळ, खूप घाम, लाळ गळणे, अंधुक दिसणे किंवा श्वासाला त्रास ही विषबाधेची लक्षणे आहेत. अशा वेळी फवारणी तत्काळ थांबवावी. रुग्णास शेताबाहेर काढून कपडे उतरवावेत, अंग साबण-पाण्याने धुवावे व विनाविलंब दवाखान्यात न्यावे. डबा किंवा लेबल सोबत न्यावे, कारण कोणते विष अंगात गेले हे कळल्याशिवाय डॉक्टरांना नेमका उपचार करता येत नाही. काही कीटकनाशकांवर उताराच नाही, हे लक्षात असू द्यावे.

बंधू-भगिनींनो, कीटकनाशक हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. पुढच्या वेळी कृषी केंद्राची पायरी चढण्यापूर्वी एक चक्कर आपल्या शेतात मारा, वीस बोंडे फोडून पाहा आणि मगच ठरवा. ती अर्ध्या तासाची मोजणी आपला पैसा वाचवील, आणि पंप पाठीवर घेणाऱ्याचा जीवही.